मॉडेल विमानासाठी प्लायवूड : निवड कशी करावी?

प्लायवूड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कपाट, पलंग किंवा दुकानाचे काउंटर येते. पण प्लायवूडच्या दुकानात अधूनमधून एक वेगळे गिऱ्हाईकही येते. एन.सी.सी.च्या हवाई विभागाचा छात्र, अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा गट किंवा हौसेने छोटी उडणारी विमाने बनवणारा एखादा नोकरदार. त्याला पूर्ण शीट नको असते, हात-दीड हात तुकडा हवा असतो. तो विचारतो, 'हलका पण मजबूत प्लाय आहे का?' अशा वेळी काही दुकानदार चार मिलिमीटरचा साधा प्लाय देतात, तर काही जण सर्वांत महाग म्हणून मरीन प्लाय पुढे करतात. दोन्ही वेळा गिऱ्हाइकाचे काम बिघडण्याचा संभव असतो.

कपाटाच्या लाकडातील दोष दिसायला चार-पाच वर्षे लागतात. विमानातील दोष पहिल्याच उड्डाणात उघडा पडतो. लहान इंजिनाचा प्रोपेलर मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेतो. ज्या फळीवर हे इंजिन कसलेले असते तीच फाटली तर फिरत्या प्रोपेलरसह इंजिन सुटते आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून घेणाऱ्याने आणि विकणाऱ्यानेही या मालाची नीट माहिती करून घ्यावी.

प्लाय कोठे लागतो?

मॉडेल विमानाचा बराचसा भाग बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचा असतो. हे लाकूड मुख्यतः दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशातून येते. बाल्सा हलका असला तरी त्यात स्क्रू धरत नाही आणि जोराचा धक्का बसला की तो रेषेच्या दिशेने चिरतो. प्लायमध्ये पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात. त्यामुळे तो सहजासहजी चिरत नाही आणि स्क्रूही चांगला धरतो.

यावरून साधा नियम निघतो. जेथे जोर एका ठिकाणी एकवटतो तेथे प्लाय आणि जेथे केवळ आकार द्यायचा आहे तेथे बाल्सा. इंजिन बसवण्याची फळी, चाकांचा आधार, पंखाचा मधला जोड आणि पंख कसण्याच्या बोल्टची जागा, ही प्लायची ठिकाणे होत. शेपटीत प्लाय शक्यतो टाळावा. समजा, शेपटी तोलबिंदूपासून नाकाच्या तिप्पट अंतरावर आहे. मग शेपटीत वाढलेल्या १० ग्रॅमसाठी नाकात ३० ग्रॅम शिसे घालावे लागेल. म्हणजे विमान एकूण ४० ग्रॅमने जड झाले.

दर पाहू नका, वजन पाहा

३ मिलिमीटर जाडीचा, ३० सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर लांब तुकडा घेऊ. त्याचे आकारमान ३० × ९० × ०.३, म्हणजे ८१० घन सेंटिमीटर झाले. हा तुकडा बर्च प्लायचा असेल तर त्याचे वजन साधारण ५५० ग्रॅम भरेल. पॉपलरसारख्या हलक्या लाकडाचा असेल तर सुमारे ३४० ग्रॅम आणि मध्यम बाल्साचा असेल तर १२० ग्रॅमच्या आसपास. आकार तोच, पण वजनात साडेचार पटींचा फरक!

म्हणून प्रत्येक तुकडा वजनकाट्यावर ठेवावा. ग्रॅममधील वजनाला घन सेंटिमीटरने भागले की घनता निघते. ०.४ च्या आसपास आली तर माल हलका, ०.७ च्या जवळ गेली तर जड समजावा. हे गणित शाळकरी मुलालाही जमते.

बाजारातील प्रकार

बर्च प्लाय : उत्तर व पूर्व युरोपातील बर्च झाडाचा हा प्लाय मॉडेलकामात अव्वल मानला जातो. त्याचे थर पातळ, एकसारखे आणि बहुधा निर्दोष असतात. ०.४ मिलिमीटरइतक्या कमी जाडीतही तो तीन थरांत मिळतो. तो जड आहे आणि महागही आहे. म्हणून तो थोडाच वापरावा, पण नेमक्या जागी वापरावा.

हलका प्लाय : मॉडेलवाले याला 'लाइट प्लाय' म्हणतात. हा पॉपलरसारख्या मऊ लाकडाचा असतो. धडातील आडव्या चौकटी, बाजूच्या भिंती आणि सर्व्हो बसवण्याची पट्टी यांसाठी तो चांगला. मात्र इंजिनाच्या फळीसाठी तो वापरू नये. हरियाणातील यमुनानगर भागात पॉपलरचा प्लाय मोठ्या प्रमाणावर बनतो. पण त्यात पुष्कळदा निलगिरीचे जड थर मिसळलेले असतात. म्हणून 'पॉपलर' हे नाव ऐकून थांबू नये, वजन करावे.

फर्निचरचा साधा प्लाय : चार मिलिमीटरच्या शीटमध्ये बहुधा तीनच थर असतात. वरचे दोन्ही थर कागदासारखे पातळ आणि मधला जाड व मऊ असतो. असा प्लाय दिसायला सुबक असला तरी त्याची बहुतेक ताकद मधल्या एका थराच्या दिशेनेच असते. सरावाच्या मॉडेलमध्ये कमी जोराच्या जागी तो चालून जातो.

मरीन प्लाय : भारतीय मानक ७१० प्रमाणे बनलेला हा प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. होडीसाठी व ओल्या जागेसाठी तो उत्तम. पण विमानाला पाण्यात बुडायचे नाही, हवेत उडायचे आहे. वजनाने तो जड असल्याने येथे जास्त पैसे देऊन तोटाच पदरी पडतो.

गोंदाचे महत्त्व

प्लायची अर्धी ताकद लाकडात आणि अर्धी गोंदात असते असे म्हटले तरी चालेल. इतिहासात याचा मोठा दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीने 'मॉस्किटो' नावाचे लाकडी लढाऊ विमान तयार केले. नोव्हेंबर १९४० मध्ये त्याचे पहिले उड्डाण झाले. त्याच्या धडाची भिंत आत-बाहेर बर्च प्लाय आणि मध्ये बाल्सा अशी होती. त्याचे अनेक भाग फर्निचरच्या कारखान्यांत, कपाटे व खुर्च्या करणाऱ्या कारागिरांच्या हातून तयार झाले. हे विमान त्या काळच्या अत्यंत वेगवान विमानांत गणले गेले. पुढे १९४४ साली भारत-ब्रह्मदेश आघाडीवर यातील काही विमाने हवेतच मोडून कोसळली. तेव्हा उड्डाणे थांबवून तपासणी करावी लागली आणि चिकटवलेल्या जोडांत दोष आढळले. लाकूड चांगले होते, रचना चांगली होती. कच्चा राहिला तो जोड.

आपल्याकडील प्लायमध्ये मुख्यतः दोन गोंद येतात. युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद फिकट रंगाचा असून कोरड्या जागेपुरता ठीक असतो. फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा गोंद गडद तांबूस-तपकिरी असून ओल सोसतो. कडेला दिसणाऱ्या रेषेच्या रंगावरून बराच अंदाज येतो. इंजिनाच्या फळीसाठी गडद रेषेचा माल घ्यावा. लेझर यंत्रावर भाग कापायचे असतील तर मात्र हाच गडद गोंद जास्त जळतो आणि कड काळी पडते. तेथे फिकट गोंदाचा हलका प्लाय सोपा जातो.

दुकानातच करावयाची पारख

१) कड पाहा. थर मोजा. थरांमध्ये पोकळी किंवा एकावर एक चढलेली पट्टी दिसली तर तो तुकडा बाजूला ठेवा. सारख्याच जाडीत जास्त थर असलेला प्लाय दोन्ही दिशांना अधिक सारखा मजबूत असतो.

२) पातळ प्लाय उजेडासमोर धरा. आतील फट उजळ रेघेसारखी आणि गाठ काळ्या डागासारखी दिसते.

३) डोळ्याच्या रेषेत धरून बाक तपासा. पिळलेल्या शीटचे विमान सरळ उडत नाही.

४) जाडी व्हर्नियरने मोजा. चार मिलिमीटर म्हणून मिळणारा माल पुष्कळदा त्याहून कमी भरतो. खाच व जीभ यांचा जोड बसवताना हा फरक नडतो.

५) बोटाने ठोकून पाहा. एखाद्या जागी बद्द आवाज आला तर तेथे थर सुटलेला असण्याची शक्यता असते.

जाडी किती घ्यावी?

साडेसहा घन सेंटिमीटरच्या इंजिनाची फळी ६ मिलिमीटर बर्चची करावी. लहान विद्युत मोटारीला ३ मिलिमीटर पुरते. धडाच्या बाजूंना आतून जोड द्यायचा असल्यास ०.८ ते १.५ मिलिमीटर, पंखाच्या मधल्या जोडाला १.५ ते ३ मिलिमीटर आणि चाकांच्या आधाराला ५ ते ६ मिलिमीटर बर्च घ्यावा. वरच्या थराची रेषा वाकणाऱ्या जोराच्या दिशेने, म्हणजे लांब बाजूने ठेवावी. प्लाय गोलाईवर वाकवायचा असेल तर रेषा गोलाईच्या नळीला समांतर ठेवावी, म्हणजे तो न तडकता वळतो.

इंजिनाची फळी इपॉक्सीने चिकटवावी. इंधनावर चालणारे इंजिन असल्यास फळीला व तिच्या कडांना पातळ इपॉक्सीचा हात द्यावा. अन्यथा मिथेनॉल आणि तेल लाकडात मुरते व जोड सैल होतो.

व्यापाऱ्यासाठी चार शब्द

आठ बाय चार फुटांच्या शीटमधून एक बाय दोन फुटांचे सोळा तुकडे होतात. करवतीच्या कापामुळे माप किंचित कमी भरते, एवढेच. ज्या मापाला गिऱ्हाईक आहे त्या मापात माल कापून ठेवला तर उरलेले तुकडे रद्दीत जात नाहीत. प्रत्येक तुकड्यावर लाकडाचे नाव, मोजलेली जाडी, थर आणि वजन पेन्सिलीने लिहावे. साध्या प्लायला 'एअरक्राफ्ट प्लाय' म्हणून विकण्याचा मोह टाळावा, कारण या नावावर विश्वास ठेवूनच कोणीतरी त्याला इंजिन कसणार आहे. माल सपाट आडवा ठेवावा, भिंतीला टेकून उभा करू नये. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई व कोकणात, तो प्लास्टिकमध्ये गुंडाळावा.

हे गिऱ्हाईक थोडाच माल घेते. पण पारखून घेते आणि विमान नीट उडाले तर आपल्या सोबत्यांना घेऊन परत येते. त्याला हवा असतो तो नेमका तुकडा आणि त्या तुकड्याबद्दलची खरी माहिती. या दोन्ही गोष्टी देणारे दुकान त्याच्या लक्षात राहते.