चकती वाचते, पण लिहीत नाही!

जून महिना आहे. दहावीचा निकाल लागला आहे आणि तळोद्याजवळच्या एका शाळेच्या कार्यालयाबाहेर मुलामुलींची रांग लागली आहे, अशी कल्पना करा. कोणाला अकरावीसाठी नंदुरबारला जायचे आहे, कोणाला आयटीआयला. प्रत्येकाला शाळा सोडल्याचा दाखला हवा आहे. सातपुड्यात सकाळपासून पाऊस चालू असून वीज दोनदा जाऊन आली आहे. भाऊसाहेब संगणकावर दाखला तयार करतात, तो साठवण्याची आज्ञा देतात आणि पडद्यावर इंग्रजीत उत्तर येते : ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टीम’. म्हणजे चकतीवरचे वाचता येईल, लिहिता मात्र येणार नाही. याच चकतीवर शाळेचे वर्षानुवर्षांचे जनरल रजिस्टर टंकून ठेवलेले आहे.

अशा वेळी बहुतेक जण संगणक बंद करून पुन्हा सुरू करतात. नेमके तेच घाईने करू नये. का करू नये, हे समजण्यासाठी आपण थोडा वेळ नंदुरबारच्या मिरची बाजारात जाऊ या.

हिवाळ्यात तेथे ओल्या लाल मिरचीचे ढीग येतात. अडत्याच्या पेढीवर दिवाणजी वही घेऊन बसलेले असतात. जुन्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक व्यवहार ते प्रथम कीर्दीत टिपतात. मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवतात. मधेच दिवे गेले तरी बिघडत नाही. कीर्द पाहून राहिलेली नोंद पुढे चढवता येते.

संगणकाची चकतीही असेच करते. फाइलचे नाव, तिचा आकार, ती चकतीच्या कोणत्या भागात आहे, या माहितीची एक मोठी खतावणी चकतीवर असते. लिनक्समध्ये २००१ साली आलेल्या ‘ईएक्सटी-३’ आणि २००८ साली स्थिरावलेल्या ‘ईएक्सटी-४’ या रचनांमध्ये खतावणी बदलण्यापूर्वी तो बदल एका कीर्दीत टिपला जातो. तिचे इंग्रजी नावही ‘जर्नल’ असेच आहे. साधारणपणे दर ५ सेकंदांनी कीर्दीतील नोंदीवर ‘पूर्ण’ असा शिक्का बसतो. वीज जाऊन आली की संगणक कीर्द वाचतो, शिक्का असलेल्या नोंदी खतावणीत चढवतो आणि अर्धवट नोंदी सोडून देतो.

मग कीर्द असताना घोटाळा होतोच कसा? एक कारण असे, की चकतीच्या आत स्वतःची छोटी स्मृती असते. पुष्कळदा चकती ‘लिहिले’ असे कळवते, पण मजकूर अजून त्या स्मृतीतच असतो, आणि वीज गेली की तो नाहीसा होतो. दुसरे कारण म्हणजे चकतीचा पृष्ठभाग एखाद्या ठिकाणी खराब होणे. तिसरे अगदी साधे : चकतीला जोडणारी वायर सैल असणे.

आता समजा, दिवाणजींना खतावणीत एकच पोते दोन शेतकऱ्यांच्या नावावर दिसले. हुशार दिवाणजी काय करतील? लेखणी खाली ठेवतील. चुकलेल्या खतावणीवर पुढे लिहीत गेले, तर आज दोन खात्यांत असलेला गोंधळ उद्या दोनशे खात्यांत पसरेल. संगणकाची कार्यप्रणालीही तेच करते. डेबियन या लिनक्स प्रणालीत, आणि तिच्यावर आधारलेल्या इतर अनेक प्रणालींत, मूळ चकतीसाठी ‘चूक आढळल्यास फक्त वाचा’ अशी सूचना आधीच घालून ठेवलेली असते. म्हणजे लिहिणे बंद होणे हा मूळ बिघाड नव्हेच. बिघाड आधीच झालेला असतो. ही त्यावरची सावधगिरी आहे. एखाद्या जाणकाराने आज्ञा देऊन लिहिणे जबरदस्तीने सुरू करून दिले, तर त्याचे आभार मानण्याची घाई करू नये!

प्रथम संदेश नीट वाचा. ‘जागा शिल्लक नाही’ किंवा ‘परवानगी नाही’ असे संदेश निराळे. त्यांचे उपायही निराळे. संदेश ‘रीड-ओन्ली’चाच असेल तर संगणक चालूच ठेवा. एरवी संगणक आपली रोजनिशी याच चकतीवर लिहितो. लिहिणे बंद झाल्यामुळे ती रोजनिशीही त्याच क्षणी थांबली आहे! काय घडले याचा पुरावा आता फक्त स्मृतीत आहे आणि संगणक बंद करताच तो पुसला जाईल. म्हणून प्रशासकाच्या अधिकाराने डी, एम, ई, एस, जी ही पाच अक्षरे टंकून आज्ञा द्या. स्मृतीतील संदेश पडद्यावर येतील. शेवटच्या ओळींचा मोबाइलने फोटो काढा. त्यात वाचन-लेखनाच्या चुका दिसल्या तर संशय चकतीवर किंवा वायरवर जातो; केवळ खतावणीची विसंगती दिसली, तर संशय गेलेल्या विजेवर.

यानंतर लगेच महत्त्वाच्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. वाचन अजून चालू आहे, त्याचा फायदा घ्यायचा. पेन ड्राइव्ह आपोआप उघडला नाही तर घाबरू नका. त्याच्यासाठी नवा कप्पा तयार करायला चकती तयार नसते. ‘एमएनटी’ नावाचा कप्पा आधीपासून असतो, तेथे तो जोडता येतो.

नक्कल हाती आल्यावर चकतीची प्रकृती पाहावी. ‘स्मार्ट’ नावाच्या तिच्या स्वतःच्या नोंदीत ५ व्या क्रमांकावर बदललेले खराब भाग, १९७ व्या क्रमांकावर संशयित भाग आणि १९९ व्या क्रमांकावर वायरीतून येताना झालेल्या चुका मोजलेल्या असतात. १९९ चा आकडा कधी कमी होत नाही. म्हणून तो वाढतो आहे का, एवढेच पाहावे. वाढत असेल तर आधी वायर बदलावी. बिचारी चकती पुष्कळदा निर्दोष असते. १९७ चा आकडा वाढत असेल तर मात्र नवी चकती आणावी.

दुरुस्ती शेवटी. दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून, मूळ चकती वापरात नसताना, ‘एफएससीके’ या आज्ञेने खतावणी तपासतात. तिला आधी ‘फक्त पाहा, बदलू नको’ असे सांगता येते, तसेच सांगावे. दुरुस्तीत ज्या फाइलींचे नाव सापडत नाही, त्या ‘लॉस्ट+फाउंड’ नावाच्या कप्प्यात क्रमांक लावून ठेवल्या जातात. यात्रेत चुकलेले मूल चौकीत आणून बसवतात, तसेच हे. पालकांनी येऊन ओळख पटवायची.

काही घनस्थिती चकत्या, म्हणजे एसएसडी, आयुष्य संपत आले की स्वतःच लेखन कायमचे बंद करतात. तेथे ही आज्ञा उपयोगी पडत नाही. नक्कल करून चकती बदलणे हाच मार्ग उरतो.

आपल्या कल्पनेतील शाळेत भाऊसाहेबांनी संगणक बंद केला नाही. रजिस्टरची फाइल पेन ड्राइव्हवर आली आणि प्रयोगशाळेतील दुसऱ्या संगणकावर उघडली. दुपारी तीनपर्यंत रांगेतल्या शेवटच्या मुलीच्या हातात दाखला पडला. चकतीची तपासणी त्यानंतर सुरू झाली.