कचेरीसाठी जागा भाड्याने घेण्यापूर्वी

स्वतंत्र धंदा काढणारा तरुण भांडवलाचा विचार करतो, गिऱ्हाइकाचा करतो. जागेचा विचार मात्र 'रस्त्यावर आहे, भाडे परवडते' एवढ्यावर संपवितो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने हिशेबनिसाची कचेरी अशीच थाटली. साठविलेले पैसे आडभिंत, वीज व टेबल-कपाटे यांत घातले. आठव्या महिन्यात उघड झाले की, जागा देणारा स्वतःच भाडेकरू असून त्याच्या करारात पोटभाडेकरू ठेवण्यास मनाई होती. मूळ मालकाने जागा सोडावयास लावली. अनामत बुडालीच, शिवाय लोकांच्या तोंडी बसलेला पत्ताही गेला. "कागद का पाहिला नाहीस?" असे विचारता तो म्हणाला, "सर, घरोब्याचा माणूस, मागायचा कसा?"

म्हणून पहिला प्रश्न हा की, देणाऱ्यास जागा देण्याचा अधिकार आहे काय? खरेदीखत व घरपट्टीची पावती पाहावी. मिळकत भावाभावांची असल्यास सर्वांच्या सह्या घ्याव्यात. गहाण असल्यास बँकेची संमती पाहावी. तेथे धंद्यास परवानगी आहे की इमारत केवळ राहण्यासाठी मंजूर आहे, हे नगरपालिकेत विचारावे.

दुसरा प्रश्न मुदतीचा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. नोंदणी टाळण्यासाठी अकरा महिन्यांचा कागद करण्याची चाल पडली ती यामुळेच. कागदच नसेल, तर कलम १०६ प्रमाणे अशी जागा महिन्या-महिन्याने घेतलेली समजतात आणि १५ दिवसांच्या नोटिशीने भाडेपट्टा संपविता येतो. ज्यास जागेवर मोठा खर्च करावयाचा आहे, त्याने तीन किंवा पाच वर्षांचा नोंदलेला पट्टा करावा. भाडे दरवर्षी किती वाढेल तेही त्यातच लिहून घ्यावे. राज्याराज्यांचे भाडेकायदे निरनिराळे असल्याने सही करण्यापूर्वी गावातील वकिलास मसुदा दाखवावा.

तिसरा प्रश्न साध्या अंकगणिताचा आहे. समजा, ६०० चौरस फुटांची जागा ३० रुपये दराने १८,००० रुपयांस मिळाली. टेप घेऊन मोजता आतील वापराची जागा, म्हणजे चटई क्षेत्र, ४५० चौरस फूटच भरले. म्हणजे खरा दर ४० रुपये झाला! दोन जागांची तुलना करावयाची ती याच दराने. शिवाय देखभाल, वीज, पाणी, वाहनतळ व भाड्यावरील वस्तू व सेवा कर यांपैकी काय कोणी भरावयाचे, हे आधी ठरवावे.

चौथा प्रश्न जागा सोडण्याचा. घेताना तो कोणाच्याच ध्यानात येत नाही. धंदा न चालल्यास किती महिन्यांच्या नोटिशीने मोकळे होता येईल? अनामत किती दिवसांत परत मिळेल? करारात उलट अट नसेल, तर आपण बसविलेल्या वस्तू ताबा सोडण्यापूर्वी काढून नेता येतात. मात्र जागा घेतली होती तशी परत करावी लागते. यासाठी ताबा घेतानाच भिंती, फरशी व छत यांची छायाचित्रे काढून त्यावर दोघांच्या सह्या कराव्यात.

कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. उलट, उद्या स्मरणात फरक पडला तरी दोन घरांतील स्नेह टिकावा, म्हणूनच तो लिहावयाचा असतो. माझा विद्यार्थी आज दुसऱ्या जागेत आहे. तेथील मालकही ओळखीचेच आहेत. परंतु या वेळी त्याने आधी कागद वाचला, मगच किल्ली घेतली.