रोपाला रंग कळतो!

एलईडी म्हटलं की आपण आधी वॅट बघतो. स्वीडन-फिनलंडच्या रोपवाटिकांत मात्र रंगही बघावा लागतो. तिथल्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या रोपात फायटोक्रोम नावाचं प्रथिन असतं. हा चक्क टू-वे स्विचच (बायोलॉजीवाले माफ करा)! ६६० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाने ऑन, ७३० च्या, जेमतेम दिसणाऱ्या 'दूर-लाल' प्रकाशाने ऑफ. रात्र लांबली की रोप हिवाळा आला असं समजून शेंडा मिटून घेतं. उंची वाढणं बंद. दिवस लांबवायला नुसता लाल दिवा उत्तरेकडच्या बियाण्याच्या रोपांना पुरत नाही. सोबत दूर-लाल दिला तर वाढ चालू राहते. पण अति लांबवलं तर कोवळा शेंडा थंडीत करपतो. म्हणून तिकडे उन्हाळ्यातच रोपांवर काळे पडदे ओढून मुद्दाम रात्र मोठी करतात.