बल्क कूलरचे दुखणे ओळखावे कसे?



उसाच्या जोडीला दावणीला गाय-म्हैस नाही असे घर आपल्याकडे विरळाच. उसाचे बिल हप्त्याने येते; रोजचा घरखर्च चालतो तो दुधावर. दूध संस्थेचा बल्क कूलर एक रात्र बसला, तर गावाचे दूध नासते आणि तोटा शेवटी उत्पादकाच्याच अंगावर येतो. म्हणून कूलरचा बिघाड कसा ओळखावा, ते या अंकात पाहू.

आपल्या कारखान्यातील व्हॅक्यूम पॅन अनेकांनी पाहिला असेल. त्यात दाब कमी केल्यामुळे पाक १०० अंशांच्या बराच खाली उकळतो. कूलरचे मर्मही हेच. आर-२२ हा गॅस हवेच्या साध्या दाबाला उणे ४१ अंश सेल्सिअसवर उकळतो. टाकीच्या तळाशी कमी दाबाखाली उकळताना तो दुधातली उष्णता ओढून घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून कंडेन्सरमध्ये ढकलतो आणि तेथे पंख्याच्या हवेने तिचा पुन्हा द्रव होतो. १००० लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणायचे, तर सुमारे ३०,००० किलोकॅलरी उष्णता अशी बाहेर काढावी लागते.

यातली एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. गॅस बंद नळ्यांतून फिरतो, डिझेलसारखा जळून संपत नाही. "दरसाल गॅस भरावाच लागतो" हे म्हणणे खरे नव्हे. गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या पाटाला पाणी सोडणे!

बिघाड एकाएकी येत नाही, आधी चाहूल देतो. दूध किती वाजता ओतले, किती होते आणि ४ अंशांवर कधी आले, हे रोज वहीत लिहावे. तेवढ्याच दुधाला तीन तासांऐवजी चार तास लागू लागले, की समजावे, दुखणे सुरू झाले.

मग पुढील क्रमाने पाहावे :

१. वीज. तिन्ही फेज आहेत का, व्होल्टेज पुरेसे आहे का? मोटर नुसती घुं घुं करून थांबत असेल तर फेज गेल्याचा संशय घ्यावा. पुन्हा पुन्हा बटण दाबून मोटर जाळू नये.

२. कंडेन्सर. पाचटाचा भुगा, धूळ, बगॅसची काजळी जाळीत बसली की उष्णता बाहेर पडत नाही. मेन स्विच बंद करून जाळी साफ करावी. खोली कोंदट असेल तर तीच गरम हवा फिरत राहते. तिला वाट करून द्यावी.

३. ढवळणी. ती बंद पडली तर तळाशी दूध गोठते आणि वर कोमट राहते. अशा वेळी थर्मामीटरवर भरवसा ठेवू नये.

४. नळ्यांचे सांधे. तेलकट डाग दिसला तर तेथे साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले, की गळती सापडली.

एवढे पाहूनही गुण आला नाही, तर मेकॅनिक बोलवावा. तो दोन गेज लावतो, एक ओढीच्या बाजूला आणि एक दाबाच्या बाजूला. दोन्ही दाब कमी आणि काचेतून बुडबुडे दिसत असतील, तर बहुधा गॅस कमी आहे. दाबाच्या बाजूचा काटा फार वर असेल, तर कंडेन्सर तुंबला असेल किंवा गॅस जास्त भरला असेल. ओढीचा दाब वर आणि दुसरा खाली असेल, तर कॉम्प्रेसरच्या व्हॉल्व्हची तपासणी हवी. ड्रायरच्या अलीकडची नळी कोमट आणि पलीकडची गार लागली, तर ड्रायर चोंदला आहे. म्हणजे "दूध थंड होत नाही" ही तक्रार एकच, पण औषधे चार!

म्हणून गेज न लावता कोणी सिलिंडर जोडू लागला, तर संस्थेच्या सचिवांनी त्याला थांबवावे. दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे दोन्ही दाब वहीत लिहून घ्यावेत, गळती कुठे होती तेही लिहून घ्यावे, मगच बिलावर सही करावी. जुना गॅस हवेत सोडू देऊ नये. आर-२२ ओझोनच्या थराला मारक आहे आणि १९८७ च्या माँट्रियल करारान्वये तो टप्प्याटप्प्याने बंद होत आहे.

उसावर कीड दिसली तर कोणती कीड हे पाहूनच आपण औषध आणतो. कूलरलाही तोच नियम लावावा. संस्था आपली, दूध आपले. तेव्हा विचारण्याचा हक्कही आपलाच आहे.