फराळाचे ताट

छत्रपती संभाजीनगरात जुन्या शहराच्या पश्चिमेस, खाम नदीपलीकडे छावणी वसली आहे. तेथील एका आजींच्या दोन जिवलग मैत्रिणी आहेत. एक मुसलमान, दुसरी ख्रिस्ती. दर गुरुवारी आठवडी बाजारात तिघींची गाठ पडे. दिवाळीचा फराळ दोन्ही घरी जाई. २५ डिसेंबरला नाताळच्या करंज्या येत. ईद चंद्रावर अवलंबून. ती दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरके. त्या दिवशी शीरखुर्मा येई. ताट रिकामे परतवायचे नाही, हा तिघींचा नेम होता.

यंदा गुडघेदुखीमुळे आजींचा बाजार सुटला, भेटी खुंटल्या. दिवाळीत नात म्हणाली, “आजी, ताट मी नेऊन देते.”

आजी म्हणाल्या, “ने; पण दारातूनच परतू नकोस. घटकाभर बस, विचारपूस कर. फराळ हे निमित्त, बाळ. माणसाला माणूस हवे असते.”