दीर्घिकांतील वारे

कल्याण हे उल्हास नदीच्या खाडीवरील प्राचीन बंदर. वाऱ्याचे सामर्थ्य ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसरातील लोकांना पूर्वापार ठाऊक आहे. ज्येष्ठात नैर्ऋत्येचा वारा सुटला, म्हणजे तो समुद्रावरून मेघ आणतो. आश्विनात वारा फिरला, म्हणजे आभाळ निरभ्र होते. वारा मेघ आणतो, तसा तो मेघ नेतोही.

असेच वारे अंतराळातही वाहतात. दोन ताऱ्यांमधील जागा आपणांस रिकामी भासते. परंतु तेथे अतिशय विरळ वायू पसरलेला असतो. त्यात हायड्रोजन सर्वांत अधिक. हा वायू मेघरूपाने एकवटतो, थंड होतो आणि आपल्याच गुरुत्वाकर्षणाने आकुंचन पावतो. तेव्हा नवे तारे जन्मास येतात. शेतकऱ्यास जसे बियाणे, तसा दीर्घिकेस हा वायू.

बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी एक प्रचंड कृष्णविवर असते. त्याकडे ओढला जाणारा वायू त्याच्याभोवती गरगर फिरतो, तापतो आणि विलक्षण तेजाने झळकू लागतो. अशा दीर्घिकेस सक्रिय दीर्घिका म्हणतात. त्या तेजाच्या रेट्याने काही वायू आत न पडता बाहेर फेकला जातो. हाच दीर्घिकेचा वारा होय.

सप्तर्षींच्या दिशेस, सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे दूर, मार्कारियन २३१ नावाची दीर्घिका आहे. तेथील वाऱ्याचा वेग सेकंदास सुमारे १,००० किलोमीटर आढळला आहे. या वेगाने कल्याणहून नागपूर एका सेकंदाच्या आत गाठता येईल! हा वारा दरवर्षी सूर्याच्या शेकडो पट वस्तुमानाचा वायू बाहेर लोटतो. वायू सरला की नव्या ताऱ्यांचा जन्म थांबतो. मात्र वाऱ्याच्या दाबाने एखादा मेघ घट्ट झाला, तर तेथे उलट नवे तारे उजळतात. एकच वारा कोठे तारक, तर कोठे मारक ठरतो.

इतक्या दूरचा वारा कळतो कसा? हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी शोषून घेतो. वायू आपल्या दिशेने येत असेल, तर ही लांबी किंचित कमी भासते. त्या फरकावरून वाऱ्याचा वेग काढता येतो. याकरिता रेडिओ दुर्बीण हवी.

या विद्येचा भारतातील एक महत्त्वाचा आरंभ कल्याणलाच झाला. १९६५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गोविंद स्वरूप व त्यांचे तरुण सहकारी यांनी येथे ३२ तबकड्या उभारल्या. त्या ऑस्ट्रेलियाने भेट दिल्या होत्या. प्रत्येकीचा व्यास अवघा सहा फूट! त्यांनी सूर्याचा वेध घेतला जाई. पुढे १९७० साली उटी येथे मोठी दुर्बीण झाली आणि त्यानंतर पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या. त्यांच्या साहाय्याने आज सक्रिय दीर्घिकांतील हायड्रोजनचा अभ्यास होतो.

साधने लहान होती; जिज्ञासा मात्र मोठी होती. तिच्याच बळावर कल्याणच्या माळावरून निघालेली दृष्टी कोट्यवधी प्रकाशवर्षे दूरच्या वाऱ्यापर्यंत पोहोचली.

स्वाध्याय
१. आंतरतारकीय वायूस दीर्घिकेचे बियाणे का म्हटले आहे?
२. 'एकच वारा कोठे तारक, तर कोठे मारक ठरतो' हे विधान स्पष्ट करा.