काजळीचे वय



हिवाळ्यात बमरोलीत दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसली की आपण पांडेसराच्या गिरण्यांना बोल लावून मोकळे होतो. हे काही निराधार नाही. तिथल्या बऱ्याच बॉयलरांत कोळसा जळतो. परंतु सुरत जिल्ह्यात तोडणीआधी उसाचे फडही पेटवतात, आणि चुलीत लाकडे-गोवऱ्या जळतात. सगळी काजळी काळीच. मग ती कोणाची, हे ओळखावे कसे?

शास्त्रज्ञ तिचे वय पाहतात. आकाशात उंचावर सूर्यमालेपलीकडून येणाऱ्या किरणांच्या माऱ्याने 'कार्बन-14' नावाचा किरणोत्सर्गी कार्बन सतत तयार होत असतो. झाडे तो हवेतून घेतात, गुरे चाऱ्यातून घेतात. म्हणून लाकडात, पाचटात, शेणातही तो असतो. जीव गेला की नवी भर थांबते, आणि असलेला साठा 5,730 वर्षांत निम्मा होतो. कोळसा व डिझेल लाखो-कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवांचे अवशेष. त्यांत तो मुळीच उरलेला नसतो. तेव्हा काजळीत कार्बन-14 जितका अधिक, तितका चुलीचा नि शेताचा वाटा अधिक.

ही परीक्षा आपल्या बाजूला झालेली आहे. स्वीडनचे संशोधक ऑर्यान गुस्ताफसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सिंहगडावर आणि मालदीव बेटांवर हिवाळी हवेतील कण गाळून तपासले. 2009 साली 'सायन्स' नियतकालिकात निष्कर्ष आला: कार्बनयुक्त कणांपैकी सुमारे दोन तृतीयांश लाकूड, शेण, पालापाचोळा अशा जळणाचे! पुष्कळांना वाटे की दोष मुख्यतः मोटारी व कारखान्यांचा.

हा आकडा बमरोलीचा नव्हे. गिरण्यांच्या शेजारी कोळशाचा वाटा वेगळा असणार. शिवाय या परीक्षेला चूल कोणती नि फड कोणता, हे कळत नाही. कोळसा व डिझेल यांतही तिला भेद करता येत नाही, कारण दोन्हींत कार्बन-14 उरलेला नसतो.

फुप्फुसाला मात्र वयाशी कर्तव्य नाही. बारीक कण नवे असोत वा जुने, खोलवर जातात. बंद स्वयंपाकघरात चुलीपाशी बसणारी माउली व तिच्या मांडीवरचे मूल यांना ते सर्वांत जास्त भोगावे लागतात. तिथे धुराडे किंवा गॅस हवा. गिरणीविरुद्ध अर्ज अवश्य करावा, पण खोडव्यातले पाचट जाळू नये. सरीत पसरले तर ओल टिकते, तण दबते, आणि कुजून त्याचे खत होते.